दुसऱ्या वाचकाची सही

चांद्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, कोणी मासिक काढतोय म्हटलं की लोक विचारत, कवितांचं की राजकारणाचं? गुणवंतराव कोतपल्लीवार मास्तर सांगायचे, "गणिताचं." समोरचा जरा सावरून म्हणायचा, "म्हणजे शाळेतल्या पोरांसाठी." तर तेही नाही. त्रैमासिक, तेही संशोधनाचं, त्यातही फक्त संख्यांच्या गुणधर्मांचं, आणि वर सगळं मराठीत. एवढं ऐकल्यावर समोरचा माणूस घरच्यांची खुशाली विचारून काढता पाय घ्यायचा. अख्ख्या मुलखात हे वाचून समजेल अशी माणसं किती, हे गुणवंतरावांनी स्वतः एकदा मोजलं होतं. लेख लिहितील असे नऊ निघाले. दुसऱ्याचा लेख तपासू शकतील असे चार.

पण वेड लागलेल्या माणसाला चार पुष्कळ होतात. नाव ठरलं 'संख्याशोध'. सत्तावन सालच्या ऑगस्टात, एका शनिवारी संध्याकाळी सहा वाजता, शाळेच्या सभागृहात पहिला अंक निघायचा होता. प्रकाशन करणार होते नागपूरचे निवृत्त प्राध्यापक बापूजी देशकर. गुणवंतरावांना संख्यांचा नाद त्यांनीच लावला होता. बापूजींचं वय पंच्याहत्तर. ते आता मद्रासला मुलाकडे कायमचे राहायला निघाले होते, वाटेत एक रात्र चांद्याला उतरणार होते. आज नाही तर पुन्हा कधी, याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. पत्रिकेच्या सल्लागार मंडळाचे अध्यक्ष तेच होते, आणि पहिला लेखही त्यांचाच होता. त्यांचं नाव वाचूनच एकसष्ट वर्गणीदार आणि दोन विद्यापीठांची ग्रंथालयं तयार झाली होती.

त्या शनिवारी सकाळी अकरा वाजता गुणवंतराव सुगंधाबाईंच्या छापखान्यात उभे होते, आणि बाकी सगळं जागच्या जागी असताना त्यांची नजर मात्र सारखी भिंतीवरच्या खिळ्याकडे जात होती.

त्याचं कारण एका पिवळ्या कार्डावर होतं. पत्रिकेचा एकच नियम गुणवंतरावांनी जाहीरनाम्यात मोठ्या अक्षरांत छापला होता: प्रत्येक लेख दोन जाणते वाचक स्वतंत्रपणे तपासतील, आणि दोघांच्या सह्या झाल्याशिवाय एक ओळही छापली जाणार नाही. हा नियम त्यांना जिवापेक्षा प्यारा होता. ओळखीपाळखीने छापलेल्या लेखांची मासिकं त्यांनी ढिगाने पाहिली होती. आपल्या पत्रिकेचं एवढंच भांडवल, की तिच्यात छापलेलं खरं असेल. म्हणून प्रत्येक लेखाबरोबर एक पिवळं कार्ड असायचं, त्यावर सह्यांसाठी दोन चौकटी. छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवणारे जुळारी मुखरू यांना गणित कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं, पण नियम त्यांनी देवाच्या शपथेसारखा धरला होता. दोन सह्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ते खिळ्यांना हात लावत नसत.

बापूजींच्या लेखाला पहिली सही अमरावतीच्या एका प्राध्यापकांची होती. दुसरा वाचक होता चैतू आत्राम. गुणवंतरावांचाच जुना विद्यार्थी, अहेरीकडचा. नागपूरला इंटरपर्यंत शिकला, बाप गेला म्हणून परत आला, आणि आता भामरागडला प्राथमिक शाळेत मास्तर होता. चार तपासनिसांपैकी सगळ्यात बारीक नजर त्याची. लेखाची नक्कल त्याच्याकडे जूनमध्येच रवाना झाली होती. मग पर्लकोटा नदी भरली आणि भामरागडची वाट बंद झाली. जुलै सरत आला तरी उत्तर नाही. इकडे वर्ग-घन दाखवणाऱ्या वरच्या बारीक आकड्यांचे आणि ग्रीक अक्षरांचे खिळे जेमतेम आठ पानांना पुरतील एवढेच. आठ पानं जुळवायची, छापायची, खिळे सोडून परत खणात टाकायचे, मगच पुढची आठ. पहिल्या आठ पानांचा फर्मा अडला की बत्तीसही पानं अडत होती, आणि मुखरू रोज विचारत होते, "सही आली का, मास्तर?"

कार्ड गुणवंतरावांच्या घरीच होतं; एका दुपारी त्यांनी ते काढलं. बापूजींच्या लेखात तपासायचं काय आहे, असं त्यांनी स्वतःला समजावलं. आपण लेख तीनदा वाचला आहे, चैतूही हेच म्हणेल, फक्त नदी आड आली आहे. मग दुसऱ्या चौकटीत त्यांनी तिरक्या अक्षरात 'चै. आत्राम' असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी 'सही आली' म्हणून कार्ड हातात पडलं तसे मुखरू खूश झाले आणि कामाला लागले. त्या फर्म्याला नऊ दिवस लागले. तो छापून, खिळे सुटून आता वीस दिवस झाले होते.

"मास्तर, हे शेवटचं पान पाहून घ्या," मुखरू म्हणाले. "मंग चढवतो मशीनवर."

बत्तिसाव्या पानावर मंडळाची नावं होती, खाली संपादकाचं नाव, आणि सगळ्यात वर तोच नियम. 'या अंकातील प्रत्येक लेख दोन वाचकांनी तपासलेला आहे.' गुणवंतरावांनी ते वाक्य वाचलं आणि नजर खाली नेली.

तेवढ्यात दारात कोणीतरी चपला झटकल्या. त्यांनी वळून पाहिलं तर चैतू. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेलं, खांद्यावर मेणकापडात बांधलेलं गाठोडं, दाढी वाढलेली. तो वाकून पाया पडला.

"उशीर केला मी, गुर्जी," तो म्हणाला. "पर्लकोटा उतरेचना. टपालवाल्या लालसूले म्हटलं डोंगा घाल पान्यात, तं तो म्हने जीव जास्त झाला का. मंग पानी जरासं वसरलं तसा मीच निघालो. आलापल्लीपर्यंत पायी आलो, पुढं मोटार. आष्टीले वैनगंगेवर नावेसाठी एक अख्खा दिवस बसलो." त्याने कपाळ पुसलं. "मले वाटलं, माह्या एका सहीसाठी तुमचं पुस्तक अडून राह्यलं असन. नियम हाये न आपला."

उत्तर मुखरूंनीच दिलं, मोठ्या उत्साहाने.

"अडलं कुठी? तुमची सही तं कवाची आली. दोन सह्या पाह्यल्याबिगर हा मुखरू खिळ्याले हात लावत नाई." भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेलं कार्ड काढून त्यांनी चैतूच्या पुढे धरलं. "हे पाहा. तुमचीच न?"

चैतूने कार्ड हातात घेतलं. तो ते पाहत राहिला, आणि गुणवंतराव त्याच्याकडे. आता हा 'नाही' म्हणेल. मग मुखरू विचारतील, तर मग कोणाची? एवढ्या दोन वाक्यांत पत्रिका संपणार होती, अजून जन्मायच्या आत.

"हो," चैतू म्हणाला. त्याने कार्ड परत दिलं. "माहीच हाये."

मग तो हळू आवाजात म्हणाला, "गुर्जी, थोडं बाजूले येता का?"

कागदाची रिमं ठेवलेल्या मागच्या खोलीत दोघं गेले. गुणवंतराव म्हणाले, "चैतू, ऐक, ती सही..."

"ते राहू द्या. आधी हे पाहा." त्याने मेणकापड सोडलं. आत वहीची चाळीसेक पानं होती, आकड्यांनी गच्च भरलेली, आणि त्यावर एक घडी केलेला कागद.

बापूजींच्या लेखाचा सगळा डोलारा तिसऱ्या पायरीवर होता. तिथे त्यांनी म्हटलं होतं, की एका मूळसंख्येचा वर्ग आणि दुसऱ्या मूळसंख्येचा घन यांची बेरीज केली, तर तीच बेरीज तशाच दुसऱ्या जोडीने पुन्हा मिळू शकत नाही. सिद्धता दिली नव्हती. 'हे उघडच आहे' एवढेच शब्द होते. गणितात माणूस बुडतो तो बहुतेक याच शब्दांपाशी. गुणवंतराव तीनदा वाचताना तीनही वेळा ते शब्द ओलांडून पुढे गेले होते, कारण ते बापूजींचे होते.

चैतूच्या कागदावर दोनच ओळी होत्या. ८२७ चा वर्ग अधिक ७ चा घन. ८०९ चा वर्ग अधिक ३१ चा घन. दोन्हींपुढे एकच संख्या: ६८४२७२.

गुणवंतरावांनी रिमाच्या वेष्टणावर पेन्सिलीने गुणाकार केला. सहा लाख त्र्याऐंशी हजार नऊशे एकोणतीस, त्यात तीनशे त्रेचाळीस. मग दुसरा. मग दोन्ही पुन्हा पहिल्यापासून केले. चूक सापडावी, एखादा हातचा विसरलेला असावा, अशी त्यांनी मनातून प्रार्थना केली. दोन्ही बेरजा तंतोतंत तीच आल्या. मग ८०९ आणि ८२७ या खरंच मूळसंख्या आहेत ना, म्हणून त्यांना तेवीसपर्यंत भागून पाहिलं. कशानेच भाग जाईना.

"कसं सापडलं तुला?"

"जुलैत पोरं धानाच्या रोवणीले जातात, शाळा अर्धी रिकामी. मी वर्गाचा एक तक्ता केला, घनाचा एक केला, आन् फरक पाहत बसलो. बापूजीची ती ओळ मले उघड दिसत नव्हती. मले वाटलं, आपल्यालेच समजत नसन."

"लेख सगळा पडतो?"

"पहिले दोन प्रमेय राहतात. तिथून सातव्यापर्यंत सगळे पडतात. लेखाले नाव तं सातव्याचंच हाये."

गुणवंतराव रिमांच्या थप्पीवर बसले. बापूजींनी आयुष्यभर केलेल्या कामाचा हा शेवटचा लेख होता. आणि तो चुकीचा आहे हे चैतूला जुलैतच कळलं होतं. गुणवंतराव फक्त थांबले असते, नियम पाळला असता, तर ही चूक छापलीच गेली नसती.

"मी थांबायला पाहिजे होतं," ते म्हणाले.

चैतू वहीची पानं सारखी करू लागला.

छापखान्याच्या मालकीण सुगंधाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. नवरा गेल्यापासून बारा वर्षं त्या हा कारखाना चालवत होत्या, आणि वेळ वाया गेलेली त्यांना सहन होत नसे. "मास्तर, एक वाजून राह्यला. शिलाईवाला येऊन बसला. फर्मा चढवू का नाई?"

"थांबा. पहिल्या लेखात चूक निघाली."

"मंग तो फर्मा काढून टाका."

"तो बापूजींचा लेख आहे. त्यांच्याच हातून प्रकाशन आहे."

"मंग नवा जुळवा."

"नऊ दिवसाचं काम हाये, बाई," मुखरू बाहेरून ओरडले. "आन् आकडे सगळे शेवटच्या फर्म्यात अडकून हायेत."

सुगंधाबाईंनी क्षणभर विचार केला. "मंग गप राहा. सभेले दोनशे लोक येतीन, त्यातल्या एकाले तरी ते समजून राह्यलं का? पुढच्या अंकात दुरुस्ती टाका."

गुणवंतरावांना तो सल्ला इतका गोड वाटला, की त्यांनी चैतूकडे पाहायचं टाळलं. खरंच, कोणाला कळणार होतं? पण अंक आज संध्याकाळीच दोन विद्यापीठांना टपालाने जाणार होते. तिथे कोणीतरी तिसरी पायरी वाचेल, एका दुपारात ६८४२७२ काढेल, आणि हसून अंक बाजूला ठेवेल. मग 'संख्याशोध'चा दुसरा अंक कोणी उघडणार नाही, आणि मराठीत असलं काही करता येतं यावर पुढची पन्नास वर्षं कोणी विश्वास ठेवणार नाही.

"शेवटच्या पानावर अजून जागा हाये," मुखरू म्हणाले. "तिथी काई लिहायचं असन तं दहा-बारा ओळी बसतीन. पन लवकर."

गुणवंतराव लिहायला बसले. पहिलं वाक्य सोपं होतं. 'या अंकातील पहिल्या लेखाच्या तिसऱ्या पायरीतील विधान खरे नाही; भामरागडचे शिक्षक श्री. चैतू आत्राम यांनी पुढील उदाहरण दिले आहे.' मग संख्या. मग 'त्यामुळे तिसऱ्यापासून सातव्यापर्यंतची प्रमेये सिद्ध होत नाहीत.' इथपर्यंत पेन्सिल चालली. आता सांगायला हवं होतं, की दोन वाचकांनी तपासलेल्या लेखात हे राहिलं कसं. तो नियम तर त्याच पानावर, वर, मोठ्या अक्षरांत होता.

मग त्यांनी लिहिलं: 'हा दोष दुसऱ्या वाचकाच्या नजरचुकीने राहून गेला होता, त्यांनीच तो नंतर लक्षात आणून दिला, याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत.'

वाक्य गुळगुळीत होतं, चैतूचं कौतुकही होतं त्यात. गुणवंतरावांनी कागद त्याच्यापुढे सरकवला आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

चैतूने ते दोनदा वाचलं. "तुम्ही अंक काढला, गुर्जी," तो शेवटी म्हणाला. "मी काई काढला नाई. चालते. चूक आन् शोध, दोन्हीवर माहंच नाव टाका."

गुणवंतरावांना सुटल्यासारखं वाटलं. दुसऱ्याच क्षणी स्वतःची शिसारी आली. पण कागद त्यांनी मुखरूंच्या हातात दिला.

मुखरू भराभर खिळे जुळवू लागले आणि चैतूवर त्यांचं तोंडही सुरू झालं. "आधी नीट पाहून सही कराव न गा, मास्तर. नऊ दिवस डोळे फोडले मी त्या फर्म्यावर." चैतू ऐकत उभा राहिला. "तरी मी म्हनत होतो, तिकडं जंगलातल्या मास्तरले कशाले धाडता. इथी नागपूरले एवढे शिकलेले लोक पडले हायेत." चैतू खाली पाहत होता. त्याच्या पायाचा चिखल वाळून फरशीवर पडत होता. गुणवंतरावांनी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. खोटं बोलणाऱ्याला एकदाच बोलावं लागतं असं त्यांना वाटलं होतं. ते आता दर मिनिटाला नव्याने बोलावं लागत होतं, तोंड मिटून.

पावणेपाचला पानाचं प्रूफ निघालं, आणि त्याच वेळी दारात टांगा थांबला. बापूजी स्टेशनवरून सभागृहात जायचे होते, पण त्यांना आधी छापखाना पाहायचा होता. काळी टोपी, हातात काठी, बारीक कुडी. सगळे उभे राहिले. सुगंधाबाईंनी खुर्ची पुसून दिली.

"दाखवा तुमची पत्रिका," बापूजी म्हणाले. "सहापर्यंत धीर नाही मला."

गुणवंतरावांनी आधी प्रूफ त्यांच्या हातात दिलं. दुसरं काही सुचलं नाही. "बापूजी, लेखात एक... हे वाचा आधी."

बापूजींनी चष्मा वर केला आणि कागद डोळ्यांजवळ धरला. ओठ हलू लागले. मग त्यांनी डोळे मिटले. ते तोंडी गुणाकार करत होते, हे गुणवंतरावांना जुन्या सवयीने कळलं. मुखरूंनी हातातला चिमटा खाली ठेवला. बापूजींचा चेहरा हळूहळू एखादं घर रिकामं व्हावं तसा होत गेला, आणि मग त्यांनी डोळे उघडले.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "तेरा वर्षं मी त्या ओळीवरून ये-जा करतो आहे. एकदाही थांबलो नाही." त्यांनी कागद मांडीवर ठेवला. "हे आत्राम कोण?"

चैतू पुढे आला आणि वाकला. बापूजींनी त्याला पाया पडू दिलं नाही, त्याचा हात धरून ठेवला. "कसं शोधलंत?"

चैतूने तक्त्यांचं सांगितलं. बापूजींनी मधेच दोन प्रश्न विचारले, चैतूने उत्तरं दिली. दोघं जण क्षणभर इतरांना विसरून गेले होते. मग बापूजींनी प्रूफ पुन्हा उचललं आणि खालचं वाक्य वाचलं. या वेळी त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"इथे लिहिलंय, तुमच्या नजरचुकीने राहून गेलं. म्हणजे तुम्ही आधी लेख बरोबर आहे म्हणून सही केलीत?"

"हो, बापूजी."

"चाळीस पानांचे तक्ते करणारा माणूस 'हे उघडच आहे' वाचून सही करतो?"

चैतूने एकदा गुणवंतरावांकडे पाहिलं. "पाऊस होता," तो म्हणाला. "घाई झाली. कंदिलात घासलेट नव्हतं." त्याला खोटं बोलता येत नव्हतं. तीन कारणं दिली आणि तिन्ही एकमेकांच्या पायात आली.

बापूजी त्याचा हात सोडेनात. त्यांच्या चेहऱ्यावरचा मघाचा जिव्हाळा ओसरत चालला होता. या पोराने कामचुकारपणा केला आणि मग सावरायला धावपळ केली, असं त्यांना वाटू लागलं होतं, हे गुणवंतरावांना स्पष्ट दिसत होतं. आणि अजून एक दिसत होतं, की चैतू तेही वाटू देणार होता. तो पर्लकोटा ओलांडून आला होता तो नियम पाळायला, आणि आता नियम मोडल्याचा ठपका घेऊन परत जाणार होता.

"त्याने सही केली नाही," गुणवंतराव म्हणाले.

आवाज त्यांना स्वतःलाच अनोळखी वाटला. मुखरूंनी झटकन भिंतीवर टांगलेल्या कार्डाकडे पाहिलं.

"त्याचं उत्तर आलंच नव्हतं. वेळ जात होता. मीच लिहिलं त्याचं नाव." ते बापूजींकडे पाहू शकले नाहीत, म्हणून मुखरूंकडे पाहून बोलत राहिले. "मुखरूभाऊ, ते शेवटचं वाक्य काढा. त्या जागी घाला, 'दुसऱ्या वाचकाचा अभिप्राय येण्यापूर्वीच संपादकाने त्यांची सही स्वतः केली आणि लेख छापला.'"

मुखरू हलले नाहीत. "मास्तर, हे छापल्यावर कोन घेईन तुमचं पुस्तक?"

"माहीत नाही. जुळवा."

सुगंधाबाईंनी पदर तोंडाला लावला. बापूजी रागावले असते तर गुणवंतरावांना बरं वाटलं असतं. पण ते फक्त थकलेले दिसले, आणि गुणवंतरावांकडे असे पाहत होते जणू वर्गातला हुशार मुलगा फळ्यासमोर उभा आहे आणि त्याला बेरीज येत नाही.

"माझी चूक मला दिसली नाही," ते म्हणाले. "तुमची तुम्हाला दिसत होती."

गुणवंतरावांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

मुखरूंनी फर्म्याची किल्ली सैल केली. जुनी ओळ चिमट्याने उचलून बाजूला ठेवली आणि नवी जुळवायला घेतली. मघाशी चैतूला बोलले होते ते आठवून त्यांचे कान लाल झाले होते. पाच खिळे लावून ते चैतूकडे न बघताच म्हणाले, "माफ करा गा." चैतूने मान हलवली. भिंतीवरच्या घड्याळात सव्वापाच झाले होते. ओळ बसली. मग पानाच्या तळाशी मुखरूंचं बोट थांबलं. तिथे वेगळ्या ठसठशीत खिळ्यांत एकच नाव होतं: संपादक, गुणवंत कोतपल्लीवार.

"हे नाव ठेवू, का काढू?"

गुणवंतराव म्हणाले, "काढा." एवढं झाल्यावर त्या जागेवर आपला हक्क उरला नाही, असं त्यांना मनापासून वाटलं. त्यांनी बापूजींकडे पाहिलं. बापूजींनी चैतूकडे पाहिलं. तो निवाडा त्याचा होता.

चैतूने आधी आपलं गाठोडं बांधून घेतलं.

"ठेवा," तो म्हणाला. "वर लिवलं हाये संपादकानं सही केली म्हून. खाली नावच नसन, तं कोनत्या संपादकानं केली, हे वाचनाऱ्याले कसं समजंल?"

मुखरूंनी नाव तसंच ठेवलं आणि किल्ली फिरवून फर्मा घट्ट कसला.